सळई आणि बियाणं : जालन्याच्या गावांचा संसार

जालन्याच्या एमआयडीसीतून मुख्यतः दोन माल देशभर जातात. एक बांधकामाची लोखंडी सळई आणि दुसरं बियाणं. सळईचे कारखाने रस्त्यावरूनच दिसतात. छत्रपती संभाजीनगरकडून जालन्यात शिरताना नागेवाडी, दरेगाव, चंदनझिरा या टापूत त्यांची धुराडी, भंगाराचे ढीग आणि ओळीनं उभे असलेले ट्रेलर नजरेतून सुटत नाहीत. बियाण्याचा कारखाना मात्र अर्धाच दिसतो. एमआयडीसीत आणि तिच्या आसपास त्याची गोदामं, प्रतवारीची यंत्रं, शीतगृहं आणि प्रयोगशाळा आहेत. उरलेला अर्धा कारखाना जाफराबाद, भोकरदन, जालना या तालुक्यांतल्या आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या शेतांत पसरलेला आहे, हिरव्या-पांढऱ्या शेडनेटखाली.

या जिल्ह्यातली खेडी कशी जगतात हे समजून घ्यायचं तर या दोन्ही उद्योगांचं खेड्याशी नातं कसं वेगवेगळं आहे, ते बघावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे. सळईनं शहर वाढवलं, पण बांधावर पैसा नेला तो बियाण्यानं. आणि त्या पैशातला मोठा वाटा अजूनही जिचे हात राबतात तिच्यापर्यंत उशिरा आणि कमी पोचतो.

आधी जिल्ह्याची थोडी ओळख. १ मे १९८१ ला तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतलं परतूर एकत्र करून हा जिल्हा झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा धरून तालुके आठ झाले. जालना गाव मात्र व्यापाराचं जुनं ठिकाण. निजामाच्या राज्यात इथं छावणी होती, कापसाचा बाजार होता आणि १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, तेव्हा सरकी आणि गठाणी थेट बाहेर जाऊ लागल्या. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या बाजारपेठेची आहे. आसपासच्या खेड्यांना तो पाळणा फारसा लाभला नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार भरली आणि पाचांतली चार माणसं खेड्यात राहत होती. साक्षरता साडेएकाहत्तर टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे राज्यात अगदी तळाच्या जिल्ह्यांत. त्यातही पुरुष ऐंशी टक्क्यांच्या वर आणि बायका एकसष्टच्या आसपास. पुढे शेडनेटमधल्या कामाबद्दल वाचताना ही दरी लक्षात ठेवावी, कारण ते काम बहुतेक बायकाच करतात.

जालन्याच्या आसपास लोहखनिज नाही, कोळसा नाही, बंदर चारशे किलोमीटरवर मुंबईला. तरी इथं पोलाद होतं, कारण ते भंगारापासून होतं. मागास भागासाठी सरकारनं दिलेल्या सवलती, व्यापारी कुटुंबांकडे असलेलं भांडवल आणि राज्याच्या मधोमध असलेली जागा या बळावर आधी रीरोलिंग मिल उभ्या राहिल्या. मग स्वतःच्या फर्नेस आल्या. देशातून आणि परदेशातून आलेलं भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत पडतं. भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं. त्यातून वीज फिरते आणि नळी वितळू नये म्हणून तिच्या पोटातून पाणी फिरतं. विजेच्या चुंबकी क्षेत्रानं आतलं लोखंड आपोआप तापत जातं आणि सोळाशे अंशांच्या आसपास पाण्यासारखं पातळ होतं. त्याचे चौकोनी दांडे, म्हणजे बिलेट, ओतले जातात. ते लालबुंद असतानाच मिलच्या रोलांमधून दाबत दाबत बारीक होतात आणि शेवटी त्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. वरचा थर झटक्यात थंड होऊन कडक बनतो, आतला गाभा चिवट राहतो. टीएमटी सळई वाकते पण चटकन तुटत नाही, ती यामुळे.

या कामातला धोका कुठे आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. भंगारात तोंड बंद असलेला डबा, जुना सिलिंडर किंवा ओला माल राहिला आणि तो वितळलेल्या लोखंडात गेला, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशेपट जागा लागते. ती जागा न मिळाल्यानं भट्टीतलं लोखंड उसळून बाहेर येतं. जालन्यात भट्टीच्या स्फोटाच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यातल्या काहींच्या मागे हेच कारण असतं. भंगार निवडणं हे बिनकौशल्याचं काम समजलं जातं, पण भट्टीवरच्या सगळ्यांचा जीव त्या निवडणाऱ्याच्या नजरेवर असतो. कारखान्यात सुरक्षेचा पहिला रुपया खर्च व्हायला हवा तो या ढिगापाशी.

भट्टीवर काम करणारे पुष्कळसे उत्तर प्रदेश, बिहारकडून आलेले आणि ठेकेदारामार्फत लागलेले. पाळी बऱ्याचदा बारा तासांची. आसपासच्या गावांतला मुलगा भट्टीवर कमी दिसतो, याला उष्णतेची भीती हे एकच कारण नाही. पेरणीला, सरकी लावायला, सोयाबीन काढायला तो घरी लागतो आणि ठेकेदाराला वर्षभर न हलणारा माणूस हवा असतो. त्यामुळे स्थानिक मुलं हमालीत, वाहतुकीत, पॅकिंगमध्ये, वॉचमन म्हणून, बियाण्याच्या गोदामात जास्त सापडतात. बाहेरून आलेला कामगार चंदनझिऱ्यासारख्या वस्त्यांत राहतो. एका खोलीत चौघे-पाच जण, दिवसपाळीचे उठले की त्याच अंथरुणावर रात्रपाळीचे झोपतात. पाणी टँकरचं किंवा बोअरचं. तो इथं दहा-दहा वर्षं काढतो, पण रेशनकार्ड, मतदान, मुलांची शाळा सगळं गावाकडे, म्हणून वॉर्डाच्या राजकारणात त्याला आवाज नसतो. जालन्याची नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. या वस्त्यांच्या गटारी आणि नळ हे तिच्या कामाचं पहिलं माप धरायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक टन पोलाद वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणून विजेचा दर हाच इथं नफ्या-तोट्याचा हिशेब. अनेक वर्षं उद्योगांना रात्रीची वीज स्वस्त मिळत आली, त्यामुळे भट्ट्या रात्री जोरात चालत. त्याच रात्री त्याच परिसरातला शेतकरी बॅटरी घेऊन पाणी धरायला शेतात जात असे, कारण शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी आठवड्यातले काही दिवस रात्रीच यायची. एकाला रात्र परवडायची म्हणून हवी असे, दुसऱ्यावर ती लादलेली असे. साप चावण्याच्या आणि मोटारीचा शॉक लागण्याच्या घटना रात्रीच्या या पाण्याशी जोडलेल्या आहेत. आता सौरपंप आणि सौर फीडर येत आहेत. दिवसा पाणी धरायला मिळणं म्हणजे काय, हे ज्याने हिवाळ्याच्या मध्यरात्री गव्हाचे वाफे भरले त्यालाच विचारावं.

धुराचाही भाग आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा वाईट ठरली, त्या यादीत मुंबई, चंद्रपूर यांच्याबरोबर जालन्याचंही नाव आहे. एमआयडीसीलगतच्या गावांत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी बारीक धूळ बसते, ती काही यादी वाचून कळत नाही.

आता बियाण्याकडे. जालन्याला बियाण्याची राजधानी म्हणतात, त्याची सुरुवात बद्रीनारायण बारवाले यांच्यापासून होते. मूळचे हिंगोलीचे, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देणारं पुसा सावनी हे वाण त्यांनी पाहिलं, आणि त्याचं बियाणं वाढवून विकायला सुरुवात केली. शेतकरी घरचंच बी राखून पेरायचा तो काळ. १९६४ मध्ये त्यांनी महिको कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती याच कंपनीच्या मॉन्सँटोबरोबरच्या भागीदारीतल्या वाणांना. महिकोनंतर बेजो शीतल, कलश, कृषिधन अशा कंपन्या इथं उभ्या राहिल्या. बारवाले २०१७ मध्ये गेले. त्यांच्या प्रेरणेनं उभं राहिलेलं श्री गणपती नेत्रालय आजही मराठवाडा-विदर्भातल्या खेड्यांतून मोतीबिंदूच्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून घेतं.

बियाणं इथंच का रुजलं? पावसाळा सरला की जालन्याची हवा कोरडी होते. बी पिकताना आणि वाळताना हवेत ओल असली तर बुरशी धरते, उगवणशक्ती घटते. इथं ऑक्टोबरनंतर तो धोका कमी. जमीन काळी, शेतकरी कष्टाळू, आणि शेतं एकमेकांपासून इतकी लांब ठेवता येतात, की एका वाणाचा परागकण दुसऱ्यात मिसळू नये. अमेरिकेतल्या आयोवा राज्याची गोष्ट अशीच. हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये तिथं संकरित मक्याची कंपनी काढली, आणि पुढची कित्येक वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा-कॉलेजची मुलं मक्याचे तुरे खुडायला शेतांत जात राहिली. बारवाले यांना मिळालेला पुरस्कार देणारी संस्थाही आयोवातलीच. मात्र मक्याचा तुरा शेंड्याला असतो, उभ्या उभ्या खुडता येतो. टोमॅटोचं तसं नाही.

टोमॅटोच्या संकरित बियाण्याचं काम जवळून पाहिलं, की पुडीची किंमत कळते. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, आणि फूल उमललं की स्वतःच फळून मोकळं होतं. म्हणून उमलायच्या आदल्या दिवशी, दुपारनंतर, बाई ओळीत बसते. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी धरते आणि उजव्या हातातल्या बारीक चिमट्यानं पाकळ्यांच्या आतला पिवळा परागकोशांचा सुळका उपसून काढते. मधली हिरवी काडी, म्हणजे मादीचं टोक, शाबूत राहिलं पाहिजे. ते मोडलं तर फूल गेलं. दुसरीकडे नर झाडांची फुलं गोळा करून वाळवतात, बारीक चाळणीतून पराग गाळतात आणि छोट्या डबीत किंवा बोटात घालायच्या अंगठीवजा वाटीत भरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलून ठेवलेल्या प्रत्येक फुलाचं टोक त्या परागात बुडवायचं. आणि खूण म्हणून त्याच फुलाची दोन हिरवी निदलं कातरायची. पुढे फळ धरलं की त्याच्या डोक्यावरच्या टोपीला दोन निदलं कमी दिसतात, त्यावरून कळतं हे क्रॉसिंगचं फळ. ज्याला खूण नाही ते तोडून टाकायचं.

असं रोज शेकडो कळ्यांचं, दीड-दोन महिने. मिरची, वांगं, ढोबळी, काकडी, प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. कापसात चिमट्याऐवजी अंगठ्याचं नख लागतं आणि सोललेल्या कळीला कागदी टोपी घालतात. शेवटी टोमॅटो पिकला की तो ठेचून, आंबवून, धुऊन बी वेगळं करतात. गर फेकला जातो किंवा जनावरांपुढे जातो. तालुक्याच्या दुकानात ते बी दहा-दहा ग्रॅमच्या चकचकीत पुडीत मिळतं.

गावात याला ‘प्लॉट’ म्हणतात. ‘औंदा कुणाचा प्लॉट घेतला?’ हा तिकडे नेहमीचा प्रश्न. कंपनी मूळ नर-मादी बियाणं देते, माल परत घ्यायची हमी देते, आणि मधे असतो ऑर्गनायझर. तो गावाचाच किंवा शेजारचा माणूस. तोच उचल देतो, देखरेख ठेवतो, माल पोचवतो. दहा-वीस गुंठ्यांच्या शेडनेटमधून सोयाबीनच्या कितीतरी एकरांइतका पैसा सुटू शकतो, म्हणून ज्यांच्याकडे जमीन थोडी आणि घरात माणसं जास्त, त्यांना प्लॉट मानवला. मुंबई-पुण्याला न जाता घर चालवण्याची सोय त्यातून झाली. पत्र्याच्या जागी स्लॅब आलेली, मुलगी फार्मसीला घातलेली घरं यातून उभी आहेत. या उद्योगाचं हे देणं मोठं आहे.

पण बियाणं दिलं म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. कंपनीत आधी उगवणशक्ती तपासतात. मग नमुना शेतात लावून त्यातली किती झाडं खरोखर त्या वाणाची निघतात हे बघतात. ती झाडं वाढेपर्यंत महिने जातात. भेसळ मर्यादेच्या वर निघाली तर अख्खा लॉट नापास. परीक्षा हवीच, कारण ते बी पुढे दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या वर्षाचा आधार असतं. प्रश्न पुढचा आहे. नापास झाल्याचा अहवाल बहुतेक वेळा प्लॉटवाल्याच्या हातात पडत नाही, ऑर्गनायझरच्या तोंडून कळतो. तोवर मजुरीचे पैसे प्लॉटवाल्यानं खिशातून दिलेले असतात आणि उचलीचं व्याज चढत असतं. शेजारच्या शेतातून पराग आला, की सोलणीत चूक झाली, की मूळ बियाणंच मिश्र होतं, हे ठरवायला त्याच्याकडे कागद नाही. नुकसान मात्र पूर्ण त्याचं.

क्रॉसिंगला बारीक बोटं लागतात, या सबबीखाली एकेकाळी देशभर संकरित बियाण्यांच्या शेतात लहान मुलं राबायची. त्यावर बराच गदारोळ झाला, कंपन्यांनी अटी घातल्या, प्रमाण घटलं. पण हंगाम नेमका शाळेच्या दुसऱ्या सत्रात येतो, आणि घरच्याच प्लॉटवर मोठी मुलगी आईच्या हाताखाली बसली तर तिची हजेरी कुठल्याच तपासणीत सापडत नाही. बायकांच्या साक्षरतेचा तो आकडा वर यायचा तर याच महिन्यांत शाळेनं घराघरांत जायला हवं.

आणि हे सगळं पाण्यावर. जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही लहरी. शहराची तहान निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावानं कित्येक पिढ्या भागवली. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आटला. तेव्हा नागरिकांनी आणि उद्योजकांनी मिळून त्यातला गाळ काढला, तो शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेला. त्यानंतर पैठणहून जायकवाडीचं पाणी शहरात आलं. त्याच दुष्काळात अंबड, जालना, बदनापूर, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पंधरा-वीस वर्षं सांभाळलेलं झाड सरपणाला तोडताना लोकांनी पाहिलं आहे. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, बागा परत लागल्या, पण भीती गेली नाही.

त्याच दुष्काळात कडवंचीत मात्र द्राक्षं हिरवी होती. जालना तालुक्यातलं हे गाव. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळानं नव्वदच्या दशकात तिथं माथा ते पायथा पाणलोटाचं काम केलं. आधी डोंगरावर चर, मग शेताला बांध, मग ओढ्यावर बंधारे, हा क्रम मोडला नाही. पुढे गावानं स्वतःच्या पैशानंही शेततळी खोदली, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, ठिबक केलं. कडवंचीची उदाहरणं खूप दिली जातात, तसं दुसरं गाव मात्र सहज होत नाही. कारण पाणलोटात वरच्या शेतकऱ्यानं केलेल्या कामाचा लाभ आधी खालच्याला मिळतो, आणि वरच्याला तयार करायला वर्षं जातात. तेवढी वर्षं गावात तळ ठोकून बसणारी माणसं सरकारी योजनेला मिळत नाहीत.

मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडच्या कोरडवाहू भागात तर प्लॉटलाही पाणी पुरत नाही. तिथली कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल आधीच संपलेली असते. म्हणजे एकाच जिल्ह्यात चार प्रकारचे संसार आहेत : भट्टीवरचा, प्लॉटवरचा, बागेतला आणि कोयत्यावरचा. बहुतेक घरांत यातले दोन-तीन एकत्र नांदतात. एक भाऊ शेती बघतो, दुसरा एमआयडीसीत जातो, सुना शेडनेटमध्ये. लग्न ठरवताना मुलीकडचे लोक मुलाबद्दल जमिनीच्या आधी विचारतात, ‘कंपनीत आहे का? पर्मनंट का ठेक्यावर?’ या एका प्रश्नात जिल्ह्यातल्या तरुणांची सगळी कोंडी आली. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून उठलेलं मराठा आरक्षणाचं आंदोलन ज्यांना अचानक वाटलं, त्यांनी हा प्रश्न ऐकला नसावा.

सोयी येत आहेत हेही खरं. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. २०२३ च्या अखेरीस मुंबईची वंदे भारत सुरू झाली. पूर्वी गंभीर आजाराला थेट संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यावं लागे, २०२४ पासून जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दरेगावच्या ड्रायपोर्टचं काम मात्र २०१५ च्या भूमिपूजनानंतर कित्येक वर्षं रेंगाळलं.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एक छोटं पाऊल. २०१८ मध्ये जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. तोपर्यंत मराठवाड्यातला तुती लावणारा शेतकरी कोष पोत्यांत भरून कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारात न्यायचा. भाषा परकी, भाव पडला तरी माल परत आणणं अशक्य, कारण कोषातून पाखरू बाहेर पडलं की त्याचा धागा तुटतो. तुती एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकते, ठिबकवर थोड्या पाण्यात तगते, आणि अळ्यांची एक बॅच महिन्याभरात हाती येते. भाव वरखाली होतातच, उन्हाळ्यात बॅच बसतेही. पण डोळ्यांदेखत लिलाव, डोळ्यांदेखत वजन आणि हातात पावती, एवढं त्याला आपल्या जिल्ह्यात मिळतं.

बीजोत्पादकाला हेच मिळायला हवं. लॉटचा नंबर घातलेली पावती, तपासणीच्या अहवालाची प्रत मराठीत, पैसे देण्याची तारीख करारात लिहिलेली, आणि तो करार जिचे हात प्लॉटवर राबतात तिच्याही नावानं. यासाठी नवा कारखाना लागत नाही, जमीन संपादन लागत नाही. कंपन्यांची कार्यालयं जालन्यातच आहेत आणि प्लॉट एसटीच्या अंतरावर.